सातव्या महिन्याचा आडाखा

आबा, काल तुमच्या नातसुनेला परत कॉलेजात बसवून आले. एकदम दुसऱ्या वर्षाला. पहिलं वर्ष तिचं जसंच्या तसं धरलं. तुम्ही असता तर आधी विश्वासच ठेवला नसता, आणि मग टोपी काढून मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं असतं.

माझ्या लग्नाची बैठक मला अजून दिसते. दोन वर्षं मी धुळ्याला शिकलेले, शेवटचं राहिलेलं. देण्याघेण्याचं बोलणं सुरू व्हायच्या आधीच तुम्ही रावेरच्या पाहुण्यांना सांगून टाकलंत की पोरगी लग्नानंतर शेवटची परीक्षा देईल, हे कबूल असेल तरच पुढचं बोलू. ते हो म्हणाले. केळीवाली माणसं, कापणीच्या घाईत हो म्हणायला त्यांचं काय जातं! लग्नानंतर मात्र मला कोणी सोडेना. पुढे मला दिवस गेले आणि तुम्ही हरखलात. तुमचा आडाखा असा, की सातव्या महिन्यात ओटी भरली की मुलगी माहेरी येतेच, तिला कोणाची परवानगी लागत नाही. आपल्या शिंदखेड्याहून धुळं किती लांब? बाळंतपणाला म्हणून आलेली पोर गुपचूप परीक्षा देऊन जाईल, आणि सासरच्यांना चकार शब्द काढता येणार नाही. आई म्हणाली, असं कुठं असतं का, बाळ काय वेळापत्रक वाचून येतं? तुम्ही तिलाच वेड्यात काढलंत. आणि तुमचा नातू पहिल्या पेपरच्या सकाळीच जन्माला आला.

पुढे सासरहून परीक्षेसाठी म्हणून निघणं झालंच नाही. एकदा पोर आजारी, एकदा सासूबाई. मग तुम्हीच माझ्या गुणपत्रिका पिशवीत घालून धुळ्याला गेलात. तिथे सांगितलं, मुदत संपली, आता पहिल्यापासून. तुम्ही घरी न जाता तसेच बसने रावेरला आलात. मी भाकऱ्या थापतेय, तुम्ही चुलीपाशी पाटावर बसलेले. मी पाण्याचा तांब्या पुढे केला तर तो हातात तसाच धरून म्हणालात, "मना आडाखा चुकना, बाई. तुना बठ्ठा वरीस वाया गयात." त्यानंतर जेव्हा जेव्हा आलात तेव्हा तेच, माझी सगळी वर्षं वाया गेली. शेवटच्या दुखण्यातही तेच. मला तुमच्याकडे बघवत नसे.

म्हणून सून पहिलं वर्ष करून इथे आली, दिवस गेले म्हणून घरी बसली, तेव्हा मला तुमचा धुळ्याचा हेलपाटा आठवला. झालं, म्हटलं, आता हिचे वडीलही पिशवी घेऊन फिरणार. ती मात्र निवांत. म्हणे, आई, आता नियम बदललाय, झालेलं वर्ष खात्यात जमा राहतं, मुदतीत परत आलं की तिथूनच पुढे. तीन वर्षं केली की पदवी, हवं तर चौथंही करता येतं. मी मान डोलावली, पण सरकारचं 'मिळेल' म्हणजे काय असतं ते आपण जन्मभर बघितलंय. काल नातवाला कडेवर घेऊन मीच तिच्याबरोबर निघाले. भांडायची वेळ आलीच तर घरातलं कोणी असावं!

खिडकीत एक तरुण बाई होती. तिने कॉम्प्युटरवर बघितलं, सुनेचं नाव वाचलं आणि कागद पुढे सरकवला. मी विचारलं, नक्की ना? तिने हो म्हटलं. मी पुन्हा विचारलं. तेव्हा ती हसून म्हणाली, "काकू, काही वाया गेलेलं नाही. दुसऱ्या वर्षालाच बसेल ही." आबा, जीव भांड्यात पडला माझा. केळीचं झाड कापलं तरी बुडाशी नवं पिल फुटलेलं असतंच, तसं आता शिकण्याचंही केलंय कोणीतरी शहाण्या माणसाने. मी तिथेच बाकावर बसून रडले. सून म्हणते, ॲडमिशन माझी आणि रडताय तुम्ही! कडेवरचं पोरही टकामका बघत होतं.

जाता जाता मी माझ्या दोन वर्षांचंही विचारून घेतलं. ती बाई हळहळली. इतकं जुनं यात धरत नाहीत, म्हणाली, पण पहिल्यापासून करायचं तर आताही करा की. मी नको म्हटलं आणि मला हसूच आलं. का ते सुनेला सांगितलं नाही, तुम्हाला सांगते. तुम्ही त्या एका सकाळीपायी इतकी वर्षं झुरलात, म्हणून तुमच्यासमोर कधी जीभ रेटली नाही. त्या सकाळी अर्थशास्त्राचा पेपर होता, आबा. पोरगा जन्मला नसता, तरी मी नापासच झाले असते.