राहून गेलेली ओ

प्रिय आये,

तुला वाचता येत नव्हतं, आणि आता तर तू नाहीसही. तरी लिहितेय. काल एक सिनेमा पाहिला, तेव्हापासून तू डोक्यातून जात नाहीस.

ऑफिसमधली मैत्रीण घेऊन गेली होती, इथेच नाशिकला. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी पोरांची गोष्ट. सरकारी गाडी येते आणि त्यांना आयांच्या कुशीतून ओढून नेते. मग वसतिगृह, नवे कपडे, नवी भाषा. मैत्रीण म्हणाली, "किती क्रूर ना? आपल्याकडे नाही बाई असं झालं." मी नुसती मान हलवली.

खरंच आहे. मला कुणी ओढून नेलं नाही. तूच बोट धरून आश्रमशाळेत सोडलंस, आणि मागे वळूनही पाहिलं नाहीस! इतकी घट्ट कशी झालीस गं?

तू गेल्यावर गुरुजींनी नाव विचारलं. बुधवारी जन्मले म्हणून बुधी. ते म्हणाले, "हे काय नाव?" आणि हजेरीत सुनंदा लिहिलं. तुला हे कुणी कळवलंच नाही.

म्हणून तर दिवाळीआधी तू गेटवर आलीस आणि शिपायाला विचारलंस, "माझी बुधी कुठं हाय?"

"या नावाची कोणी नाही इथे."

"हाय! लय बारीक हाय. गालावं तीळ हाय." मग तूच हाका मारायला लागलीस. बुधे! ए बुधे!

मी खिडकीत होते, आये. मुली फिदीफिदी हसत होत्या, "बुधी म्हणे!" मी ओ दिली नाही. मीही हसले.

नागलीच्या भाकरी शिपायाकडे ठेवून तू गेलीस. त्या सगळ्यांनी वाटून खाल्ल्या. मीही खाल्ली.

सुट्टीत म्हणालीस, "चुकीच्या साळंत गेले असंल मी." खरंच तसं वाटलं होतं, की खिडकीत मला पाहिलं होतंस? विचारायचं धाडस कधी झालं नाही. आता कुणाला विचारू?

इथे सगळे मला सुनंदा मॅडम म्हणतात. तू गेल्यापासून बुधी म्हणणारं कुणीच उरलं नाही. फार एकटं वाटतं गं.

रविवारी गावी, पेठला येतेय. आपल्या घराचं कुलूप काढीन, दारात उभी राहीन आणि मोठ्यानं ओ देईन. शेजारपाजार हसला तर हसू दे.

तुझीच,
बुधी