ट्रान्झिस्टर आणि तिसरा मजला

लातूर, ८ जून २००४

गुरुपादप्पा, बिलोलीत सगळी खैरियत असेल, तुमचा गुडघा पुन्हा जिना चढू लागला असेल, असं धरून चांदपाशाचा सलाम घ्यावा.

मी या हातांनी स्टॅबिलायझर केले, बॅटरी चार्जर केले, मशिदीचा ॲम्प्लिफायर केला, तुमच्या लग्नातला कर्णा केला (पेटला तो नव्हे, तो भाड्याचा होता). एवढ्या भांडवलावर नांदेडच्या एका क्लासात प्रयोग शिकवायची नोकरी मागायला गेलो. दुरुस्तीला आता कुणी काही आणत नाही, दुकान बसलं, म्हणून नोकरी हवीच होती. मालक मन्मथ सर म्हणाले, पालकांसमोर नमुन्याचा तास घ्या. विषय, ट्रान्झिस्टर किती लहान होणार?

आपल्याकडं रेडिओलाच ट्रान्झिस्टर म्हणतात, हे सरांच्या लक्षात आलं नाही. उमरीच्या पंचफुलाबाईंनी पिशवीतून रेडिओच काढला. "ह्यो खिशात मावंल इतका करून देता का?" मी समजावलं की बाई, ट्रान्झिस्टर म्हणजे याच्या पोटातला विजेचा नळ. कॉम्प्युटरात तसे कोट्यवधी, नखाएवढ्या जागेत. त्यातली वीज अडवणारी भिंत आता पाच-सहा अणूंची उरली. आणखी पातळ केली तर वीज आरपार झिरपते (भोक नाही, फट नाही, तरी झिरपते). बाई म्हणाल्या, "मग लिंपून घ्या की." अप्पा, अणू कशानं लिंपायचा?

पुढचा उपाय सांगितला: वेगळ्या मालाची भिंत, जाड असून पातळ भिंतीचं काम करणारी, नाहीतर जागा संपली म्हणून त्या नळांचेच एकावर एक मजले. गोष्ट खरी होती, ऐकणारी माणसं चुकीची होती. निम्मे पालक औशा-निलंग्याकडचे, त्र्याण्णवच्या भूकंपात घरं बसलेली बघितलेले. मागून व्यंकटी नावाचे एक गृहस्थ उठले. "मजले? आन् आपून सध्या कितव्यावर हावोत?" तिसऱ्यावर होतो. पंखा चालू राहिला, वर्ग उतरून गेला. बाईंचा रेडिओ टेबलावरच राहिला, तो मला खाली नेऊन द्यावा लागला.

तरी सर म्हणाले, "पाशाभाई, नोकरी तुमचीच. उद्या तळमजल्यावर घ्या, फक्त ट्रान्झिस्टर कितीही लहान होतो असं सांगा. हद्द सांगून कुणी फी भरत नसतं." मी म्हटलं, अणू चिरून दाखवणारा दुसरा कोणी बघा. आणि निघालो.

आपला,
चांदपाशा

ता. क. तुमचे जावई त्याच इमारतीत राहतात. सरांनी नवा माणूस घेतला का, एवढं बघायला सांगा. मी विचारलं असं कळू नये. सरांनी स्वतःहून विषय काढलाच, तर "जवळजवळ कितीही" म्हणायला माझी हरकत नाही.

ता. क. दुसरा. नाकारून आलो ते महिना सात हजार आणि राहायला खोली. घरी तुमच्या वहिनीला, बानोला, मी दोनच हजार सांगितलेत.