निसटलेली पकड

मायरहोफेन, ९ फेब्रुवारी

प्रिय हेडविगताई,

तुझं पत्र पोचलं. तुझ्या आफ्राची आणि तिच्या पोटातल्या बाळाची तब्येत चांगली आहे हे वाचून बरं वाटलं. इकडे बर्फ खिडकीला टेकलाय, आमची गाय व्यायली, वासरू दांडगं आहे. अक्षर वाकडं आहे, कारण डाव्या हाताने लिहितेय.

स्कीइंग करताना पडले. काठी बर्फात रुतली, तिचा पट्टा हातात अडकला आणि उजवा अंगठा बाहेरच्या बाजूला ओढला गेला. मुरगळला असेल म्हणून पट्टी बांधली आणि कामावर गेले. सुईण पडली म्हणून बाळं थोडीच थांबतात! पुढे किल्ली फिरवता येईना. कुणाला बोलले नाही.

गेल्या आठवड्यात फेरोना बाळंत झाली. ताई, ते ओलं बाळ माझ्या हातून निसटलं. धरलं होतं गं मी. पण अंगठा बाजूला कलंडला, जणू माझा नव्हताच. तिच्या नवऱ्याचे हात मध्ये आले म्हणून निभावलं. बाळ ठणठणीत आहे. फेरोनाला वाटलं, मी मुद्दामच त्याच्याकडे दिलं. त्याला म्हणाली, "बघ, बाप झाल्या झाल्या कामाला लावलं तुला." मीही हसले. मग जिन्यात जाऊन बसले.

इन्सब्रुकला हाताच्या डॉक्टर प्लांगरबाईंनी आधी चांगला अंगठा बाजूला दाबून पाहिला, मग भूल देऊन दुखरा. चांगला एका जागी अडला. दुखरा झुकतच गेला. मग सोनोग्राफी केली.

"सांध्याचा बंध तुटलाय, आणि त्याचं टोक स्नायूच्या पडद्यावर येऊन बसलंय. कितीही पट्ट्या बांधा, ते आपलं आपण आत जायचं नाही. उघडून शिवावं लागेल."

"पकड येईल ना?"

"लवकर यायला हवं होतं तुम्ही. बहुतेक येईल."

"बहुतेक?"

"खोटा धीर देत नाही मी कुणाला."

उद्या ऑपरेशन. भूल, टाके, यांची भीती नाही. भीती वाटते ती हातातून अचानक गेलेल्या त्या वजनाची. डोळे मिटले की तेच.

मावशीच्याच हातून बाळंत होईन म्हणून आफ्रा हटून बसलीये. तिला इस्पितळात नाव घालायला लाव. फोनवर मला 'नाही' म्हणवणार नाही, म्हणून तुला लिहितेय. मी येईन, उशाशी बसेन, तिचा घाम पुसेन. बाळ मात्र दुसऱ्या कुणाला तरी झेलू दे.

आणि ते आलं की मला लांबूनच दाखव. मी मागितलं तरी हातात देऊ नकोस.

तुझी,
गेर्लिंडे