न फुटलेला नारळ

कांदिवली, रविवार, फेब्रुवारी १९८६

अक्षर कसंही येतंय, येऊ दे.

उद्या अप्पांच्या जुन्या मॉरिस गाडीचं आरटीओत पासिंग. अप्पा गेल्यापासून ती चाळीमागे नुसती उभी होती. महिनाभर मी आणि दादा तिच्या मागे लागलो होतो. ब्रेक आणि वायरिंग माझं, पत्र्याचं काम त्याचं. आज संध्याकाळी आईने गाडीला हळदकुंकू लावलं, नारळ माझ्या हातात दिला आणि देवापाशी दिवा लावायला वर गेली. मी दगड शोधायला लागलो तर दादा म्हणाला, "दगड कशाला रे? हिच्या बंपरवरच फोड. लोखंड आहे ते." मागच्या दाराखालची, गाडीचा भार पेलणारी पट्टी त्याने कालच काळी रंगवली होती. दगड शोधत मी तिथेच वाकलो होतो, म्हणून बंपरऐवजी तिच्यावरच नारळ आपटला.

नारळ फुटला नाही. पट्टी फुटली. माझा हात मनगटापर्यंत आत गेला.

आतून काय निघालं? वर्तमानपत्राचे बोळे. त्यावर भेगा बुजवायची लांबी चोपडलेली, वरून रंग.

"नवा पत्रा जोडला म्हणालास ना?"

"पासिंगला हात घालून कोण बघतं, यार," दादा म्हणाला. अगदी सहज.

शिमग्याला याच गाडीतून सगळे गावाला जाणार होतो. घाटातून. मला अजून खरं वाटत नाही.

नारळ ओट्यावर पडलाय, साधा तडासुद्धा नाही. आई दोनदा विचारून गेली, का नाही फोडलास रे? तिला काय सांगू? त्या दाराशी नेहमी तीच बसते. दादाला ते माहीत आहे.