हरण्याची झूल

१३ सप्टें. १९३४, मेडशी
पोळा होऊन चार दिवस झाले, तरी दत्ताराव (माझा साडू) बैल पाठवीत नाही. पेरणीपुरता मागून नेला होता हरण्या. पवळ्या दावणीला जोडीदाराची जागा सोडूनच उभा राहतो. मीही उगाच दोन-चारदा गोठ्यात जाऊन येतो.

१८ सप्टें.
स्वतः गेलो. दत्ताराव म्हणतो, "बैल तुमी मले देऊनच टाकला ना, भाऊ. पोळ्याले झूल नाही पाठवली काय?"
झूल! हरण्या तोरणाखाली उघड्या पाठीनं उभा राहू नये, म्हणून रुक्मीनं (माझी बायको) बसून शिवली अन् मी पाठवली. उसन्या बैलामागं झूल जात नाही, कायमच्या दिलेल्या बैलामागं जाते. सारा गाव जाणतो, मीही. तरी पाठवली. मायेपायी अक्कल गहाण टाकली, दुसरं काय.

२० सप्टें.
ठाण्यात गेलो. जमादार: "आपल्या हातानं देल्ला ना? मंग चोरी कायची? दिवाणीत जा."

८ ऑक्टो., वाशीम
दावा दाखल. मागणी: बैल परत मिळावा, न मिळाल्यास किंमत. ते 'न मिळाल्यास' खोडा म्हटलं. वकीलसाहेब हसले, तसं लिहावंच लागतं म्हणाले. निकालापर्यंत दत्तारावनं बैल विकू नये, असा मनाई हुकूम मात्र मिळाला.

२ डिसें.
शेजाऱ्याचा बैल जुंपला. पवळ्या त्याच्यासंगं पाऊल टाकीना. रुक्मी म्हणे, "सवतीवानी पाहून राह्यला त्याच्याकडं." हसलो खरा, पण वखर अर्ध्यावर सोडून आलो. हरण्याची फार आठवण येते.

१९ जाने. ३५
ओळख पटवायला हरण्याला कोर्टाच्या आवारात आणला होता. अंगानं भरलाय. साडूचा वकील म्हणतो, किंमत उद्याच भरतो, दावा मिटवा. आमचे वकीलसाहेब: "बैलच हवा म्हणाल तर दावा चालवावा लागेल, अन् तिथं झूल आडवी येईल. सोमवारपर्यंत सांगा."
मी हाक मारली. हरण्यानं कान हलवले. वाटलं, आता येतो. मग दत्तारावनं उपरण्यातली सरकी पुढं केली, अन् तो माझ्याकडं पाठ करून खात राहिला.
सुखात आहे, हे पाहून बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. सोमवारी काय सांगायचं, सुचत नाही.
घरी आल्याबरोबर रुक्मीनं विचारलं, "तुमाले ओळखलं काय त्यानं?"
हो म्हणालो.