डोयुननंतर थांबायचं

सिंदी मेघे, वर्धा
८ जानेवारी २०२५

चि. मोनाली हिस अ. उ. आ.

तुझ्या होस्टेलने मोबाईल कुलपात ठेवले, हे त्या लोकांनी केलेलं एकमेव शहाणपण. निदान तुझं अक्षर तरी बघायला मिळतं. तेही कोंबडीने उकरल्यासारखं. आमच्या शाळेतल्या सिस्टरनी अशी वही खिडकीबाहेर फेकली असती.

शाळेसाठी तू माझ्याकडे राहायचीस त्या खोलीला रंग देते आहे. भिंतीवर तुझे ते सहा कोरियन बाप्ये अजून चिकटलेले. एकाचे केस गुलाबी, एकाचे निळे, तेल कुणालाच माहीत नाही. पेंटर डोमाजी विचारत होता की बाई, ह्या पोरींले काढू का. मी म्हटलं त्या पोरी नाहीत, आणि काढू नका, भोवतीने रंगवा. उगाच खूश होऊ नकोस. फाडले तर तू रडशील आणि मला रडणं सहन होत नाही.

एक बातमी चांगली नाही. मागच्या गल्लीतली तुझी मंजुषा सिकलसेलच्या दुखण्याने पुन्हा दवाखान्यात आहे. हाडं इतकी दुखतात की चादरही जड होते, असं तिची आई छाया सांगत होती. तरी पोरीने निरोप पाठवलाच: मोनालीले म्हणा, माझं अर्धं तयार आहे, तिचं अर्धं काऊन येऊन नाई राह्यलं. कशाचं अर्धं, ते मला कुणी सांगत नाही. अभ्यासाचं नक्कीच नसणार.

थंडीत कान झाक. लोभ आहे, म्हणून बोलते.
तुझी आत्या, नलू

&nbsp;

नागपूर
१५ जानेवारी

ती. नलूआत्यास शि. सा. न. वि. वि.

ते बाप्ये नाहीत, हानबित आहेत! भोवतीने रंगवायला सांगितलंस, हे मी रूममधल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. एक जण म्हणाली, मलेही अशी आत्या पायजे. मी म्हटलं घेऊन जा, पण परत करता येत नाई.

अर्धं म्हणजे काय ते सांगते. हसू नको. हानबित बँडचं गाणं सुरू होताना पब्लिकने सहाही जणांची नावं ओळीने ओरडायची असतात, जगभर तशीच रीत आहे. मी न मंजूने ती आठवीतच वाटून घेतली. ती डोयुन म्हणते, मी हासुक. ती मिनजे, मी गॉनू. ती सोउल, मी इनह्वा. मग गाणं. एकीने दुसरीचं नाव कधीच घ्यायचं नाही, हा नियम. आपलं म्हणून थांबायचं. तुझ्या गच्चीवर टॉर्चला श्रीखंडाचा हिरवा डबा बसवून आम्ही हानबितचं पब्लिक हलवते तसा हिरवा दिवा केला होता, आठवते? तू म्हणाली होतीस, पोलीस पकडून नेतील.

मंजूला रक्त चढवायच्या वेळी मी शेजारी बसून हेच म्हणायची. सहा नावं संपेपर्यंत सुई टोचून व्हायची. आता कोण म्हणत असेल? आत्या, तू जा नं. माझी तीनच पाठ कर. ती डोयुन म्हणून थांबली की तू म्हणायचं, जोरात. मी येईपर्यंत, बदली म्हणून.

केमिस्ट्रीत कमी पडले. बाबांना सांगू नको, आणि माझ्यावरचा राग फार टिकवू नको.
तुझीच, मोनाली

&nbsp;

सिंदी मेघे
२७ जानेवारी

चि. मोनालीस अ. उ. आ.

अख्खी नोकरी विमा कचेरीत काढली, कुणाची बदली म्हणून कधी बसले नाही. तुझ्यासाठी तेही केलं.

मंजू भिंतीकडे तोंड करून पडली होती. तुझं पत्र वाचून तिने माझ्याकडे पाहिलं आणि एवढ्याशा आवाजात म्हणाली, डोयुन. मी उठून उभी राहिले, हात मागे घेतले आणि शाळेत हजेरीला ओ द्यायचो तसं म्हटलं, हासुक. नर्स दचकली. मंजू इतकी हसली की सलाईनची नळी हलायला लागली. हसताना दुखलं म्हणून रडली, आणि रडता रडता म्हणे, मिनजे. पुढचं म्हणा नं आत्या, गॉनू कवाचा थांबून राह्यला. आम्ही इनह्वापर्यंत पोचलो. शेजारच्या खाटेवरच्या तानाबाईंनी हात जोडले. त्यांना वाटलं मी पोरीकडून काही पाठ म्हणवून घेते आहे.

मंजूचं मत असं की माझा आवाज बेकार आहे, पण तू येईपर्यंत चालते.

तुला खोटं लिहिणार नाही. मला तिचा चेहरा आवडला नाही.

केमिस्ट्री वाच. रागवायला मला वेळ नाही, एवढंच तुझं नशीब.
नलूआत्या

&nbsp;

वडनेर
१२ फेब्रुवारी

ती. नलूताईस सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून शेजारच्या आदेशच्या हाती चिठ्ठी पाठवतो. परवा मंजुषा गेल्याचं कळलं. वाईट झालं. पण ताई, मोनालीले एवढ्यात काही लिहू नको. मे महिन्यात परीक्षा आहे. आता मन उडालं तर पोरगी पुन्हा पुस्तकात बसणार नाही. विचारलंच तर मंजू मामाच्या गावी गेली असं लिहून टाक. परीक्षा झाली की मी स्वतः सांगीन. शेवटी हे गाण्यांचं, मैत्रिणींचं त्या वयातलं वेड असते, सहा महिन्यांत विसरते.

एरवी ऐकत नाहीस, या वेळी ऐक. धाकट्यावर माया ठेव.
तुझा प्रभाकर

&nbsp;

तुझ्या होस्टेलचं फाटक, नागपूर
१३ फेब्रुवारी

चि. मोनाली, आशीर्वाद.

मॅडम हे पत्र तुला देतील तेव्हा मी फाटकाजवळच्या बाकावर बसलेली आहे. तोंडाने सांगायला गेले असते तर काहीतरी तिसरंच बोलले असते. म्हणून लिहिते.

आपली मंजू गेली. सोमवारी पहाटे.

तुझ्या बाबांना हे परीक्षेनंतर सांगायचं होतं. त्याचा जीव तुझ्यात आहे, म्हणून त्याला शिव्या देत नाही. निदान पत्रात नाही. पण तू तिला निरोप पाठवत राहावंस आणि मी ते घेऊन गप्प बसावं, हे माझ्याने होणार नाही.

छाया जवळ होती. ती सांगते, पोरगी डोयुन म्हणाली अन् थांबली. मंग पुन्हा डोयुन, अन् पुन्हा थांबली, जसं कोणी पुढचं म्हणणार आहे. छायाला पुढचं ठाऊक नव्हतं. वॉर्डातल्या बायका हात जोडून उभ्या होत्या. त्यांना वाटलं ती वंदना म्हणते आहे. मी सकाळी डबा घेऊन पोचले तेव्हा खाट रिकामी होती.

रविवारी छायाच्या घरी तिच्या नावाने पुण्यानुमोदन आहे. रडून घे, तोंड धू, स्वेटर घाल आणि बाहेर ये. एक बस गेली तर दुसरी मिळेल. मी इथून हलत नाही.
आत्या

&nbsp;

सिंदी मेघे
१८ फेब्रुवारी

चि. प्रभाकर यास अ. उ. आ.

परवा तू मोनालीला परत न्यायला आलास आणि छायाच्या दारापुढे गाडीजवळच उभा राहिलास. पाणी आणून दिलं, तेही नको म्हणालास. त्याबद्दल समोरासमोर बोलेन, ते पत्रात मावणार नाही. आज फक्त आत काय झालं ते लिहिते, कारण वेड सहा महिन्यांत विसरतं असं तू लिहिलं होतंस.

भंतेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्त्या होत्या. शेजारी मंजूचा फोटो, आणि त्याच्यापुढे ह्या पोरींनी टॉर्चवर बसवलेला श्रीखंडाचा डबा. हिरवा उजेड पडला होता. छायाने त्यात नवे सेल घातले होते.

गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलायची त्यांच्यात रीत आहे. मोनालीला बोलावलं. ती उभी राहिली आणि बोलेचना. लोकांना वाटलं पोर रडते आहे. ती रडत नव्हती, थांबली होती. त्या दोघी गाण्यातल्या पोरांची नावं आळीपाळीने घ्यायच्या. पहिलं नाव मंजूचं, आणि दुसरीच्या वाटचं नाव घ्यायचं नाही असा नियम. मीही काय करणार? मी मोनालीची बदली, मंजूची नावं माझीही नव्हती.

मी छायाच्या कानाशी वाकले आणि सांगितलं की मंजू शेवटी म्हणत होती ती वंदना नव्हती, ती गाणाऱ्या पोरांची नावं होती. ती म्हणाली, माहीत आहे बाई, माह्या घरचे पोस्टर मीच कणकेची खळ करून चिकटवले. मग ती उठली, पदर सारखा केला, मोनालीच्या समोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, डोयुन.

मोनालीने हासुक म्हटलं. जोरात, जसं म्हणायचं असतं तसं.

मग दोघी थांबल्या. तिसरं नाव छायाला येत नव्हतं. मोनालीला येत होतं, पण ते तिचं नव्हतं. भंतेजीही थांबले.

तेवढ्यात तू बाहेर हॉर्न वाजवलास, आणि तिसरं नाव तिथेच राहिलं.

लोभ आहे. तो राहावा असं वाटत असेल, तर पुढच्या वेळी आत येऊन बस.
तुझी ताई, नलू