तिसऱ्या फेरीत पडायचं

३ ऑक्टोबर १९९९, रविवार

चर्चमधून मिस्सा आटोपून आले तर वाय-लन माझ्या दारात बसलेला. डावी भुवई फाटलेली, वर तीन टाके. माझ्या भावाचा एकुलता एक मुलगा. भाऊ गेल्यापासून मीच वाढवला. अडतीस वर्षांचा झाला. स्टंटची कामं करतो, म्हणजे करायचा. हल्ली हाँगकाँगमध्ये पिक्चर बनतात कुठे?

हे काय म्हणून विचारलं. जिन्यावरून पडलो म्हणाला. मी म्हटलं, चाळीस वर्षं सेटवर कंटिन्युइटी सांभाळली मी. कोणाच्या कपाचा कान कुठल्या बाजूला होता ते टेकमागून टेक लिहून ठेवलं. मला जिना शिकवू नकोस.

मग म्हणाला, पिक्चर आहे आत्या. चोरून चालणाऱ्या मारामाऱ्यांवर. सान पो काँगला, कापड रंगवायच्या बंद कारखान्यात. दर रविवारी दुपारी.

मला आधी का सांगितलं नाहीस, हे तीनदा विचारलं. तो चहा पीत राहिला.

ठरवलं: पुढच्या रविवारी जायचं. निवृत्त झाले आहे, मेले नाही.

१० ऑक्टोबर, संध्याकाळ

गेले. मला दारात बघून वाय-लनचा चेहरा पांढरा पडला. कौतुक नाही, काही नाही.

प्रोड्युसर मिस्टर काउ. पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट, आवाज हळू. मला स्वतः खुर्ची दिली, शेवंतीचा चहा मागवला. "मावशी, इथलं तुम्हाला कोणी सांगितलं?" भाच्याने, म्हटलं. त्यांनी वाय-लनकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "आलात तर बसा. पण संपेपर्यंत बाहेर जाता येत नाही." दाराला आतून साखळी लावली. अगदी बरोबर. आमच्या सेटवर लोक बाजारात फिरावं तसे फिरायचे.

स्क्रिप्ट नाही. त्यात नवल काय? आम्ही अर्धे पिक्चर सिगारेटच्या पाकिटामागे लिहून केले. माइक नाही. आवाज नंतर भरतात. कॅमेरा दिसला नाही. रस्त्यावरचे सीन आम्ही भाजीच्या टोपलीत कॅमेरा लपवून घ्यायचो. हा बहुतेक रंगाच्या पिंपामागे असावा.

गर्दीतली माणसं मात्र अप्रतिम निवडली आहेत. साठ-सत्तर पुरुष, एकेकाच्या तोंडाला पाणी सुटलेलं. अशा पिक्चरमध्ये अर्धं काम गर्दीच्या चेहऱ्यांचं असतं. जो डायरेक्टर नुसत्या मुठी दाखवतो त्याने लग्नाच्या कॅसेटी काढाव्यात.

एक तक्रार. मुहूर्ताची पूजा झालेली नाही! या शहरात भाजलेलं डुक्कर आणि उदबत्त्या ठेवल्याशिवाय पिक्चर सुरू होत नाही. मी बाप्तिस्मा झालेली, पण डुक्कर नसलं की सेटवर कोणाला तरी लागतंच, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. काउंना सुनावलं. हसले. म्हणाले, मग तुम्हीच आणा.

निघताना खुर्चीखाली दात सापडला. मुळासकट, फार बारीक काम. काउंना दिला, म्हटलं सामान असं टाकत जाऊ नका. त्यांनी आभार मानून खिशात ठेवला.

११ ऑक्टोबर

वाय-लनचा फोन. पुन्हा येऊ नकोस म्हणाला. लाजतोय. लहानपणीही शाळेच्या नाटकात मी पहिल्या रांगेत बसले की असाच करायचा.

१७ ऑक्टोबर, संध्याकाळ

डुक्कर नेलं. पूर्ण नाही, एक बाजू. एकटीने, बसमधून. उदबत्त्या लावल्या, फादरांना कळायचं कारण नाही. सगळ्यांनी न बोलता खाल्लं. काउंनी पहिला कुरकुरीत तुकडा माझ्या वाटीत वाढला. हा माणूस पडद्यावर खलनायक म्हणून काय शोभला असता! ओरडणारा खलनायक दोन पैशांचा. वाढणारा पाहिजे.

मी कंटिन्युइटीची वही काढली, गेल्या रविवारचंही आठवून लिहिलं. कोणी सांगितलं नव्हतं, पण कोणीतरी करायलाच हवं. आणि काय सांगू! गेल्या रविवारी ज्याच्या बरगडीला लागलं होतं त्याचा हात आज खरंच खांद्यावर जात नव्हता. वाय-लनच्या भुवईचे टाके गेले, खूण राहिली, रंगसुद्धा बरोबर, दोन आठवडे जुना पिवळा. चाळीस वर्षं मी डायरेक्टरांना हेच ओरडून सांगत आले की दुसऱ्या सीनमधलं दुखणं पाचव्या सीनमध्ये दुखलं पाहिजे. कोणी ऐकलं नाही. इथे एकही चूक नाही.

गेल्या रविवारी लढलेल्यांतला एक उंच माणूस आज दिसला नाही. त्याचं काय झालं विचारलं. काउ म्हणाले, त्याचं काम संपलं. कोणी हसलं नाही. वाय-लन जमिनीकडे बघत होता.

२० ऑक्टोबर

मेबलशी बोलणं बंद.

मेबल लुक म्हणजे तीस वर्षं आमच्या स्टुडिओतली मेकअपवाली. आज माझ्याकडे दूधचहाला आली, नेमका वाय-लनही आला. तिने त्याची हनुवटी धरून दिव्याकडे वळवली, ओठावरच्या खपलीला बोट लावलं. तो गेल्यावर म्हणाली, "अगं ॲग्नेस, जन्मभर मी रक्त बनवलं. पाक आणि रंग. ते चिकट राहतं, सुकून त्याची खपली धरत नाही. हे कोणी लावलेलं नाही."

मी म्हटलं, नवीन पद्धत असेल.

"नवीन पद्धतीला पू येत नाही."

मी म्हटलं, तुला कामावर घेतलं नाही म्हणून तुझा जळफळाट होतोय.

"मला मधे आणू नकोस. तू कॅमेरा बघितलास का, एवढं सांग."

असल्या प्रश्नांची उत्तरं द्यायला मी बांधलेली नाही. तिची छत्री राहिली आहे. नेऊन देणार नाही.

२३ ऑक्टोबर, शनिवार, दुपार

वाय-लन जेवायला आला. खाल्लं काहीच नाही. डाव्या बाजूचं चावता येत नाही म्हणाला.

उद्या शेवटचा दिवस. समोर तो जाड मानेचा त्साँग. दोन फेऱ्या खेळायच्या, तिसऱ्या फेरीत वाय-लनने पडायचं आणि पडून राहायचं. काउंनी असं ठरवलंय. पडलो की सुटलो, आत्या, म्हणाला. मग ते मला कधीच बोलावणार नाहीत. मकाऊला एका हॉटेलात सुरक्षारक्षकाची जागा आहे, मी जातो तिकडे.

माझा घास तोंडात राहिला. पडून राहायचं? हा काय शेवट झाला? मी त्याला नीट समजावलं. तळघरातल्या मारामारीचे पिक्चर ढिगाने येतात, मार तर सगळेच दाखवतात. लोकांच्या लक्षात राहतो तो एकच क्षण. माणूस संपलेला असतो, सगळ्यांनी त्याच्यावरची नजर काढलेली असते, आणि तो उठतो. जिंकायलाही नको. नुसता उठला तरी माणसं खुर्चीवर सावरून बसतात. तो क्षण काढलास तर उरतं काय? खाटीकखाना.

तो म्हणाला, "आत्या, ऐक माझं. उद्या येऊच नकोस. आणि आलीसच तर मी पडलो की तोंड मिटून बस. देवाशपथ सांग."

शपथ घेतली. कॉन्व्हेंटात सिस्टर इमेल्डांनी शिकवलेली मुलगी आहे मी, शपथ मोडत नाही.

जाताना दारात त्याने माझे दोन्ही हात धरले. असं तो कधी करत नाही. हात गरम लागले.

ठरवलं: उद्या एक अक्षर बोलायचं नाही.

२४ ऑक्टोबर, संध्याकाळी पाच, इस्पितळातलं बाक

नंतर नीट लिहीन.

दोन फेऱ्या ठीक. तिसरीत त्साँगचा ठोसा फार लागला नव्हता, मला दिसलं. वाय-लन पडला. गालावर. तोंड माझ्या बाजूला, डोळे उघडे. लोक खिशात हात घालून उठायला लागले. काउ घड्याळ बघत होते.

सगळ्यांनी नजर काढली होती. अगदी तोच क्षण.

मी उभी राहिले आणि ओरडले, ऊठ!

त्याने माझ्याकडे बघितलं. मान हलवली. मी पुन्हा ओरडले, वाय-लन, ऊठ, तुझ्या बापाचा मुलगा आहेस!

उठला. त्साँग पाठमोरा होऊन हात वर करत होता. तो वळायच्या आत वाय-लनने एकच मारला. त्साँग खाली. नाही उठला.

टाळी नाही. एवढ्या माणसांतून एक आवाज नाही. मला वाटलं, जमलं. हाच शेवट.

काउ माझ्या खुर्चीजवळ आले. आवाज तोच हळू. "मावशी, या सगळ्यांनी त्साँगवर पैसे लावले होते. शेवट तुम्ही बदललात." चौघांनी वाय-लनला मागच्या खोलीत नेलं, पिंपं ठेवतात तिकडे. मी विचारलं, रीटेक आहे का? काउ म्हणाले, बसा, चहा संपवा.

मी बसले. चहा संपवला. वीस मिनिटं. भिंतीपलीकडून येणारा आवाज मी मोजत होते, सवय आहे. एकाही आवाजानंतर कोणी कट म्हणालं नाही.

मग साखळी काढली आणि सगळे गेले. खोलीत मी एकटीच शिरले. तो पिंपांच्या मधे होता.

कट, मी म्हटलं. दोनदा.

२६ ऑक्टोबर

जबडा दोन ठिकाणी. बरगड्या चार. उजवा डोळा वाचेल की नाही ते शुक्रवारी सांगणार. डॉक्टर माझ्याशी सावकाश बोलतात, मी बहिरी असल्यासारखं.

पोलिसांची बाई आली. इन्स्पेक्टर, माझ्या निम्म्या वयाची, वही फार व्यवस्थित. मी सांगितलं, शूटिंगमध्ये अपघात झाला. पिक्चरचं नाव? अजून ठरलं नव्हतं. डायरेक्टर कोण? मिस्टर काउच सगळं बघायचे. कारखाना पोलिसांनी आधीच पाहिला होता. रिकामा, जमीन धुतलेली. "कॅमेरा कुठे होता, मॅडम?"

मेबल शेजारी बसली होती. दोन दिवस तीच डबा आणते. छत्रीचं नाव काढलं नाही. इन्स्पेक्टरने मला कॅमेऱ्याचं विचारल्यावर ती खिडकीबाहेर बघायला लागली.

मी म्हटलं, असल्या प्रसंगी कॅमेरा लपवतात.

इन्स्पेक्टरने ते तसंच लिहून घेतलं. मग माझी कंटिन्युइटीची वही मागितली. प्रत्येक रविवार, कोण, कुठे लागलं, कशाने लागलं, किती वाजता. तिने पानं उलटली. उंच माणसाच्या पानावर थांबली. म्हणाली, हे तर अगदी साक्षीदारासारखं लिहिलंय.

मी म्हटलं, ते माझं काम होतं.

३० ऑक्टोबर

उजवा डोळा गेला. मकाऊची ती जागाही गेली, डोळ्याची अट आहे म्हणे. मी हॉटेलला कडक पत्र लिहिणार होते. पत्ता कोणाला विचारायचा?

२ नोव्हेंबर, मृतांचा दिवस

सकाळी भावाच्या कबरीवर गेले नाही. फुलं घेतली होती, ती बसमध्येच राहिली.

वाय-लन आज उशीला टेकून बसला. जबडा तारेने बांधलाय, बोलता येत नाही. नर्सने पाटीला कागद लावून पेन दिलं. आधी त्याने लिहिलं, त्साँग कसा आहे. मी म्हटलं, माहीत नाही. मग बराच वेळ लिहीत होता. एका डोळ्याने ओळी वर जातात.

लिहिलं होतं: मी पडून राहणार होतो. तू ओरडलीस तेव्हा वाटलं, आत्याला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत आहे. तिच्या नजरेतून काही सुटत नाही. माहीत असूनही ऊठ म्हणते, म्हणजे तिला काहीतरी दिसलंय. म्हणून उठलो.

त्याखाली: तुला माहीत होतं ना?

मी वाचलं. पुन्हा वाचलं. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने रेडिओ बारीक केला.

वाय-लनने पेन माझ्यापुढे धरलं. माझा जबडा शाबूत आहे, मला पेनची गरज नव्हती. तरी मी ते घेतलं. हातात धरून बसले. नर्स तापमान बघून गेली. तो त्या एका डोळ्याने माझ्याकडे बघत होता.

मग मी पेनाला टोपण लावलं.